मिठाच्या डब्यातली चावी

म्हातारा सायकलवर पडला तेव्हा नुकतं फटफटत होतं. सून मागच्या बाजूला पिंपातलं पाणी कळशीत ओतत होती. आधी पत्रा पडल्यासारखा आवाज आला, मग शिवी आली. शिवी खणखणीत होती, त्यामुळे माणूस शाबूत आहे हे तिला कळशी खाली न ठेवताच कळलं.

पुढे येऊन पाहते तर दारात सायकल आडवी आणि सायकलवर सासरा. एक पाय पायडलात, एक कोपर पुढच्या चाकात.

"दारात सायकल लावतात ती माणसं पडावीत म्हणूनच," म्हातारा कोंबडीला म्हणाला.

कोंबडी लंगडी होती आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गेली दोन वर्षं सुनेला जे काही सांगायचं ते म्हातारा तिलाच सांगत आला होता. सुरुवातीला सून चिडायची. मग तीही कोंबडीलाच उत्तर द्यायला लागली. घरात तीन जीव होते आणि त्यातली सगळ्यात समजूतदार कोण, याबद्दल कुणाचं दुमत नसावं.

"सायकल रोज तिथंच असते," सून कोंबडीला म्हणाली. "ज्याला दिसत नाही त्यानं हाक मारावी."

"हाक कुणाला मारायची? भिंतीला?"

तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. उभा राहिल्याबरोबर त्यानं हात झटकून टाकला आणि बरगडी दाबत, भिंत चाचपत आत जाऊन बाजेवर बसला. डोळ्यांत सारा पडून त्याला तीन वर्षं झाली होती. उजेड आणि सावली यांच्यापलीकडे त्याला फारसं काही कळत नव्हतं.

मग तिनं सायकल उभी केली आणि पुढचं चाक हातानं फिरवून पाहिलं. रिम भाजलेल्या पापडासारखी मुरडली होती. अर्धा फेरा झाला की ब्रेकच्या रबरात जाऊन रुतायची, चाक जागच्या जागी थांबायचं.

ती कामाला जायची ती फळं निवडायच्या शेडमध्ये, सात किलोमीटरवर. यंदा पाऊस दगा देऊन गेला होता, अर्ध्या बागा झाडावरच सुकल्या होत्या, आणि चाळीस बायकांचं काम वीस जणींवर आलं होतं. त्या वीस जणींची नावं मुकादमानं फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिली होती. सात वाजता फाटक बंद. एक दिवस चुकला तर चुकला. लागोपाठ दुसरा चुकला की मुकादम ओलं फडकं घेऊन यायचा, आणि पुसलेलं नाव त्या हंगामात पुन्हा लिहिलं जायचं नाही. फाटकाबाहेर रोज सात-आठ जणी बसलेल्या असायच्या, कुणाचं तरी पुसलं जाईल म्हणून. त्यांत शेजारची शिंपीणही होती.

आजचा दिवस गेलाच होता. सात किलोमीटर पळत जाऊन सात वाजता कोण पोचतं? आता उद्याचं बघायचं होतं, आणि अंधारात एकटीनं पायी निघण्यासारखी ती वाट नव्हती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा उगवायचा.

"अगं मग बाबांना सांग ना," तो म्हणाला. "आख्खी जिंदगी गेली त्यांची वाकड्या चाकांचा आउट काढण्यात."

"सांगू कसं? ते बोलतात का माझ्याशी?"

"मग तू बोल."

"मी?"

तेवढ्यात त्याच्या वाटेत घाट आला. बायकोचा फोन चालू असला की त्याच्या वाटेत घाट फार यायचे.

बाजारात दुसरा मिस्त्री होता. पण तो आज चाक ठेवून घेणार आणि परवा 'उद्या या' म्हणणार. तिनं सायकल मागच्या अंगणात ढकलत नेली. मग स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबा काढला, कोपरापर्यंत हात घातला, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली चावी बाहेर काढली.

चावी म्हणजे चाकाच्या तारा आवळायचा बोटभर लोखंडाचा चपटा तुकडा, कडेला खाचा. म्हाताऱ्याच्या अंगठ्यानं मधोमध झिजून खोलगट झालेला. त्याच्या हातातून ही चावी तिनंच काढून घेतली होती, दोन वर्षांपूर्वी, चौफुलीवरच्या त्याच्या पत्र्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. आदल्या दिवशी शाळेतल्या मास्तरच्या सायकलचं चाक उतारावर मुडपलं होतं. मास्तरचे दोन दात आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. चाक म्हाताऱ्यानं सकाळीच नीट करून दिलं होतं. "दिसत नाही तर कशाला जीव घेता लोकांचे?" असं ती म्हणाली होती, आणि त्याची मूठ उघडून चावी घेतली होती. मूठ सहज उघडली होती. तेच तिला नंतर आठवत राहिलं. दुकानाला कुलूप लागलं, म्हाताऱ्याचं तोंड बंद झालं. दोन वर्षांत त्यानं ती चावी शोधण्यासाठी घर दहादा चाचपलं होतं. ती कामावरून यायची तर गादी सरकलेली, डबे हललेले, फळीवरची भांडी उलटसुलट.

तिनं चाक काढलं, मातीवर आडवं टाकलं आणि मुरडीवर दोन्ही पाय देऊन उभी राहिली. दुकानात त्याचा डबा घेऊन जायची तेव्हा त्याला असं करताना पाहिलं होतं. तो नाचल्यासारखा अलगद दाबायचा. हिनं दोनदा उडी मारली. मोठी मुरड गेली, तिच्या जागी तीन लहान आल्या. मग सायकल उलटी केली, सीट आणि हँडल मातीत टेकवून, आणि चाक परत चिमट्यात बसवलं. ब्रेकची रबरं आता खाली, गुडघ्याच्या उंचीवर आली. चाक फिरवलं की रिम उजव्या रबराला घासायची. खस्स. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा खस्स.

तार जिथं रिममध्ये शिरते तिथं पितळेचं निपल असतं, चावी त्याला लावून फिरवायची, एवढं तिला माहीत होतं. कुठल्या तारेचं आणि किती, हेच तर मिस्त्रीपण.

मागच्या खोलीच्या खिडकीतून आवाज आला. "लंगडे, कुठं घासतंय गं? उजवीकडे की डावीकडे?"

सुनेनं चाक पुन्हा एकदा फिरवलं. मग उद्याचा फळा डोळ्यांपुढे आला.

"उजवीकडे घासतंय म्हणावं," ती कोंबडीला म्हणाली.

"मग डाव्या अंगाच्या तारा आवळायच्या. जिथं घासतंय तिथल्या दोन. चावी उजवीकडे अर्धा फेरा. अर्धाच. हपापल्यासारखं नाही करायचं."

तिनं वाकून दोन तारांना चावी लावली. उजवीकडे अर्धा फेरा. चाक फिरवलं. खस्स.

"अजून?"

"अजून आहे."

"पुन्हा अर्धा."

उन्हं चढली. मातीची धग वर यायला लागली, तिच्या पाठीला ब्लाउज चिकटला. बोटांना मीठ लागलेलं, चावीच्या खाचेनं अंगठ्याचं कातडं सोललं आणि मीठ त्यात शिरलं. ती अर्धा-अर्धा फेरा देत गेली आणि चाक दर फेऱ्याला अधिक जोरात घासत गेलं. शेवटी इतकं की रबरापाशी येऊन अडकलं ते हलेना.

कुंपणावरून शिंपीण डोकावली. हातात सुईदोरा होता, म्हणजे काम सोडून आली होती असं कुणी म्हणायला नको.

"अगबाई, आज गेली नाहीस?"

"दिसतेय ना इथं."

"उद्या तरी जाशील ना?" शिंपिणीनं चाकाकडे पाहिलं, नीट पाहिलं, कापड मापतात तसं. "नाही म्हणजे, उद्याचा दुसरा दिवस होतो म्हणून आपलं."

"तुला बरे दिवस मोजता येतात."

"काळजीनं विचारलं बाई. चांगलं विचारायची सोय नाही." आणि ती गेली ती गाणं गुणगुणत.

सून उठली. हातातली चावी तशीच घट्ट धरून खिडकीशी गेली. कोंबडी तिच्या पायात होती, पण तिच्याकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत ती नव्हती.

"मुद्दाम करताय," ती म्हणाली. "मला घरी बसवायचंय. बघायचंय ना, मी त्या शिंपिणीसारखी फाटकाबाहेर बसलेली?"

आत बाज करकरली. म्हातारा कोंबडीलाच म्हणाला, पण आवाज फुटला होता. "हिला सांग, पन्नास वर्षं काढलीत यात. उजवीकडे म्हटलं की ही डावीकडे फिरवते. ऐकू येतंय मला घासताना. सूड घ्यायचा तर माझ्यावर घे म्हणावं, चाकानं काय केलंय?"

"मी उजवीकडेच फिरवलं!"

"मग चाक उगीच ओरडतंय होय?"

"खोटारडे!"

हा शब्द तिनं सासऱ्याला आयुष्यात कधी वापरला नव्हता. आत बाज पुन्हा करकरली. मग भिंतीवरून तळहात घासत येण्याचा आवाज आला आणि म्हातारा मागच्या दारात उभा राहिला. एका हातानं बरगडी धरलेली. दुसरा हात पुढे करून तो अंगणात उतरला, चाकाच्या वासावर चालल्यासारखा. ग्रीस आणि तापलेलं रबर. सून बाजूला झाली. पडले तर पडू देत, असंही तिच्या मनात आलं.

त्याचा हात टायरला लागला. टायरवरून रिमवर, रिमवरून तारेवर, तारेवरून खाली. मग ब्रेक लागला. हात थांबला. तिथून तो चिमट्यावरून खाली खाली गेला आणि मातीत रुतलेल्या हँडलवर येऊन थबकला.

"सायकल उलटी आहे," म्हातारा म्हणाला.

"मग? चाक फिरायला नको?"

"उलटी!" त्यानं हँडलवर थाप मारली. "पंक्चरवाले करतात उलटी! अरे, उलट्या सायकलला आउट खाली मोजायचा, निपलकडे वरून बघायचं, म्हणजे फेरा उलटा होतो! मी उजवीकडे म्हणतोय तो घोडीवरचा उजवीकडे. सकाळपासून आवळायच्या सगळ्या तारा ढिल्या करत बसलोय आपण!"

'आपण' हा शब्द त्याच्याही कानाला चमत्कारिक लागला असावा, कारण तो एकदम थांबला.

"घोडी घरात असताना सायकल उलटी करतं का कुणी?" तो मग कोंबडीला म्हणाला.

"कसली घोडी?" सून म्हणाली.

"चाक बसवायची. दोन पायांचा लोखंडी सांगाडा, खाली फळी. दुकानातून आणला तो. कुठाय?"

सुनेनं मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं पाण्याचं पिंप होतं. पिंप जमिनीला लागू नये म्हणून खाली विटा होत्या आणि विटांच्या मध्ये, आडवा टाकलेला, एक लोखंडी सांगाडा होता. चांगला मजबूत निघाला होता. दोन वर्षं हलला नव्हता.

"कुठाय म्हणतो मी?"

"पिंपाखाली," ती म्हणाली.

म्हातारा हसला. चांगलं हसणं नव्हतं ते. बरगडीनं त्याला मध्येच तोडलं.

पिंप अर्धं भरलेलं होतं. ते पाणी तिनं चार खेपांत दूरच्या बोअरवरून आणलं होतं, डोक्यावरून. आता एकेक तांब्या काढून तिनं घरातल्या सगळ्या भांड्यांत भरलं. पातेली झाली, परात झाली, ताटसुद्धा झालं. शेवटचं पाणी पिंप कलताना सांडलं आणि मातीनं चर्रकन पिऊन टाकलं. म्हातारा तो आवाज ऐकत उभा होता. टोचून बोलायला याहून चांगली जागा मिळाली नसती. त्यानं ती सोडली, कशी कोण जाणे.

घोडी गंजली होती पण सरळ होती. चाक त्यात बसवलं तेव्हा रिमचा वरचा भाग बसलेल्या माणसाच्या छातीसमोर आला. म्हातारा फळीसमोर मांडी घालून बसला. सवयीनं उजवा तळहात पुढे आला, उघडा.

सुनेनं तळहाताकडे पाहिलं. तिला मास्तरचं रक्तानं भरलेलं तोंड दिसलं.

"चावी मी फिरवणार," ती म्हणाली.

तळहात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याची मूठ झाली आणि मूठ मांडीवर गेली.

"बसायचं मग इकडं. माझ्या बाजूला. समोरून नाही."

ती त्याच्या शेजारी बसली. दोन वर्षांत इतक्या जवळ ती बसली नव्हती. त्याच्या अंगाला तेलाचा वास येत नव्हता आता, नुसत्या म्हातारपणाचा येत होता. त्यानं डाव्या हाताचा अंगठा रिमच्या कडेला नखाइतक्या अंतरावर धरला आणि चाकाला हलकेच गती दिली. रिम अंगठ्याला शिवली की तो चाक थांबवायचा.

"हवा भरायच्या तोंडापासून सातवी आणि नववी. उजवीकडे, एकेक फेरा. सकाळचं पाप फेडायचंय आधी."

"पाप कुणाचं?"

"फिरव."

चाक सरकलं. खरंच सरकलं. अंगठ्यापासून गव्हाएवढं लांब गेलं. सुनेचा रोखलेला श्वास सुटला, आणि तो त्याला ऐकू आला याचा तिला राग आला.

दुपार अशीच गेली. अकरावी, अर्धा. समोरची ढिली कर, पाव. नुसतं आवळत सुटलं तर रिमचं अंडं होतं, हिला सांग. कोंबडी सांडलेल्या पाण्याच्या ओलीत किडे शोधत होती, तिला काही सांगून उपयोग नव्हता. मध्येच ती त्याला पाणी द्यायला उठली तर ताटातलं पाणी ताटातूनच द्यावं लागलं, आणि ते त्यानं दोन्ही हातांनी कडा धरून, छातीवर सांडत प्यालं. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधून झाली. तीही रक्तानं चावीला चिकटायला लागली.

उन्हं कलली तेव्हा चाक अंगठ्यासमोरून न शिवता फिरत होतं. तिनं पाच वेळा फिरवून पाहिलं. मग ते उचलायला हात घातला.

"थांब. वाजवायच्यात."

तो बोटाच्या नखानं एकेक तार छेडत गेला. टण्ण. टण्ण. टण्ण. पंधराव्या तारेला आवाज बसका आला. ठप्प.

"ही खोटी बोलतेय. ही आवळली की हिच्या शेजारच्या दोन बिघडणार. त्या बघायच्या, मग त्यांच्या शेजारच्या."

"एक तार," सून म्हणाली. "बत्तिसातली एक. चाक सरळ आहे. माझ्या हाताचं सालटं निघालंय, भाकर-तुकडा झालेला नाही, पाणी परत भरायचंय. चालेल आता."

म्हाताऱ्यानं ती तार पुन्हा एकदा छेडली. कोंबडी केव्हाच खुराड्यात गेली होती. म्हणून मग तो चाकाशी बोलला.

"मास्तरच्या चाकात एक अशीच वाजली होती. ऐकली मी. डोळ्यांचा काही संबंध नाही, कान काय कुणी काढून नेले होते? तो घड्याळ बघत उभा होता, मागे आणखी दोघं. मी म्हटलं, चालेल."

त्याची नखं तारेवरच होती.

तिनं गावभर सांगितलं होतं, म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून झालं. लोक हळहळले होते. मास्तरसुद्धा पट्टी बांधलेल्या तोंडानं 'जाऊ द्या, वय झालं' म्हणाला होता. आणि हा ऐकत बसला होता, दोन वर्षं, कोंबडीशी बोलत. तिच्या तोंडाशी बरंच काही आलं. हे तेव्हा सांगितलं असतंत तर, असं एक आलं. आणि सांगितलं नाहीत तेच शहाणपण केलंत, असंही एक आलं. दोन्ही तिनं गिळली. चिंधी दातांनी घट्ट केली आणि पंधराव्या तारेला चावी लावली.

"किती?"

"पाव. कमी. हां. वाजव आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा म्हातारा दारात बसला होता. "उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबायचा नसतो," तो कोंबडीला म्हणाला.

"कोंबडीला सायकल येत नाही," सून म्हणाली आणि टांग टाकली.

मास्तर पडला त्या उतारावर तिनं पाय पायडलावर घट्ट धरले. वारा कानात शिरला. चाकाचा आवाज ऐकायला ती मान वाकवून होती, आणि आवाज काहीच नव्हता. नुसती खडीची सळसळ. खाली सपाटीला आल्यावर तिला कळलं की आपण सगळ्या उतारभर दात घट्ट आवळून धरले होते.

सात वाजायला चार मिनिटं होती. मुकादम फळ्याजवळ उभा होता, हातात ओलं फडकं. शिंपीण धुतलेला रुमाल डोक्याला बांधून सगळ्यांत पुढे बसली होती.

"काल कुठं होतीस?" मुकादम म्हणाला.

"चाक वाकडं झालं होतं."

"आणि आज?"

"आज नाही."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. शिंपीण उठून उभी राहिली, पुन्हा बसली.

"म्हाताऱ्यानं काढला आउट?" ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आणि तू बसलीस त्या चाकावर? हिंमत आहे बाई तुझी."

"बसून आलेय ना," सून म्हणाली. "ये, दात मोज."

संध्याकाळी घरी येऊन तिनं सायकल दारात लावली नाही, भिंतीला टेकवली. म्हातारा बाहेर आला. भिंत चाचपत सायकलपाशी गेला, वाकला आणि पुढच्या चाकाच्या तारा एकेक करून वाजवल्या. बत्तीसच्या बत्तीस. काही बोलला नाही, म्हणजे बोलण्यासारखं काही सापडलं नसावं. मग आत बाजेवर जाऊन बसला.

सून मोरीत गेली, हात धुतले, परत आली आणि बाजेच्या वरच्या खिळ्याला चावी अडकवली. लोखंड भिंतीवर वाजलं. म्हाताऱ्याचा हात वर गेला, खिळा सापडला, चावी खाली आली. त्याचा अंगठा खोलगट जागेत बसला. नंतर त्यानं ती नाकाशी नेली, मग जिभेच्या टोकाला लावली.

कोंबडी त्याच्या पायाशीच उभी होती. तिच्याकडे त्यानं तोंडही वळवलं नाही.

"खारट," तो म्हणाला. "मिठाच्या डब्यात ठेवली होतीस? दोन वर्षं? गंजून माती झाली असती हिची. अक्कल आहे का तुला?"

"आहे ना," सून म्हणाली. "म्हणून तर सापडली नाही तुम्हाला."